सागरमाथा राष्ट्रीय उद्यान, ऑक्टोबर: बारा दिवसांत बसवायचंय, जमेल का?

उनाड_चप्पल

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

येत्या ऑक्टोबरात नेपाळात, सागरमाथा राष्ट्रीय उद्यानातल्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरतंय. मी (३४), बायको (३२) आणि बाबा (६३). बाबांना बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. आम्ही दोघं दर पावसाळ्यात सात-आठ ट्रेक करतो. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालाय, अलंग-मदन-कुलंग झालंय, त्यामुळे पायांची चिंता नाही. चिंता रजेची. घरून निघून घरी परत, सगळे मिळून बारा दिवस मिळतात.

मी मांडलेलं गणित असं. पहिला दिवस काठमांडू. दुसरा लुक्ला आणि तिथून चालत फाकदिंग. मग एकेक दिवस नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे. सातव्या दिवशी गोरक्षेप आणि बेस कॅम्प. आठव्या पहाटे काला पत्थरची टेकडी करून फेरिचेपर्यंत खाली. नववा नामचे, दहावा लुक्ला, अकरावा काठमांडू, बारावा घर. सगळीकडे नामचे आणि दिंगबोचेला एकेक 'विश्रांतीचा दिवस' दाखवतात, तो आम्ही काढलाय कारण आम्हाला चालायची सवय आहे. एखादा दिवस उरलाच तर चो ला खिंड ओलांडून गोक्यो तळीही डोक्यात आहेत.

काय वाटतं? स्पष्ट बोला.

हिशेबनीस

स्पष्ट बोला म्हणालात म्हणून. हे गणित कागदावर सुटतं, डोंगरावर नाही.

कळसूबाई १६४६ मीटर. आपल्या राज्यात याहून उंच काही नाही. लुक्लाचा विमानतळ २८४५ मीटरवर, म्हणजे विमानातून पाय खाली ठेवता क्षणी तुम्ही कळसूबाईच्या १२०० मीटर वर. नळीची वाट, अलंग, मदन यातलं काहीही या बाबतीत कामाचं नाही. पाय तयार असतील, रक्त तयार नाही.

आता मुक्कामांची उंची एकाखाली एक लिहा. फाकदिंग २६१०, नामचे ३४४०, तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरक्षेप ५१६४. साधारण नियम असा की ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच ठिकाणी काढायची. तुमच्या आराखड्यात नामचेला एका दिवसात ८३० ची उडी आहे आणि नंतर सलग तीन दिवस ४०० ते ५५० च्या. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, अगदी शब्दशः.

चो ला ५४२० मीटरची हिमनदीवरची खिंड आहे. 'दिवस उरला तर' अशी तिथे कोणी जात नाही.

आणि बारा दिवसांत विमान रद्द होण्याचा दिवस कुठाय?

एकटा_जीव

घाबरवू नका हो नवख्यांना. मी लुक्ला ते लुक्ला नऊ दिवसांत केलंय, एकटा, पाठीवर सगळं सामान. नामचेला एक रात्र, बाकी कुठेही थांबलो नाही. जरा डोकं दुखलं, एक गोळी घेतली, संपलं. तब्येत चांगली असेल तर काही होत नाही. हे 'ॲक्लमटायझेशन'चं (शरीराला उंचीची सवय करून देण्याचं) प्रकरण टूरवाले दिवस वाढवायला वापरतात असं माझं मत.

थंडोबा

एकटा_जीव, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे. मला झालं, म्हणून लिहितो.

आम्ही सहा जण एका टूरवाल्यांबरोबर गेलो होतो. हवामानामुळे लुक्लाला पोचायलाच दोन दिवस उशीर झाला. परतीची विमानं ठरलेली, म्हणून आमच्या म्होरक्याने दिंगबोचेची दुसरी रात्र उडवली. कोणी हरकत घेतली नाही. मी तर खूशच होतो, कारण गटात सगळ्यात पुढे मीच चालत असे. तेव्हा आठवड्याला चाळीस किलोमीटर पळायचो.

लोबुचेला पोचलो तेव्हा डोकं असं ठणकत होतं की टोपी घातलेली सहन होईना. जेवणाचा वास आला आणि बाहेर पळालो. 'थकवा असेल' असं मीच सगळ्यांना सांगत होतो, हा यातला सगळ्यात वाईट भाग. रात्री दहाच्या सुमारास लघवीला उठलो आणि बुटाची नाडी बांधता येईना. नाडीचं टोक दिसत होतं, बोटं हलत होती, पण गाठ कशी मारायची तेच आठवेना. खाटेवर बसून मी त्या नाडीकडे बघत राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. खोलीतल्या मित्राने गाईडला उठवलं. गाईडने दोन फळ्यांमधल्या फटीवर टाचेला बोट लावत चालायला सांगितलं, दारू प्यायलेल्याला चालवतात तसं. तिसऱ्या पावलाला मी भिंतीवर गेलो.

त्याने चर्चा केली नाही. बॅटऱ्या डोक्याला लावल्या, एकाने पुढून, एकाने काखेतून धरलं आणि थुकलाच्या उतारावरून रात्रीच खाली आणलं. फेरिचेला (४३७१ मीटर) पोचलो तेव्हा उजाडत होतं, आणि मी स्वतःच्या पायांनी नीट चालत होतो. औषधाच्या आधी उंचीने काम केलं होतं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासूनचा, ट्रेकिंगच्या हंगामात डॉक्टर असतात. त्यांनी तपासलं आणि वर परत जायचं नाव काढू नका म्हणाले.

बेस कॅम्प अजून पाहिलेला नाही. लोबुचेच्या आधीच्या थुकला खिंडीत, डोंगरांवर जीव गमावलेल्या गिर्यारोहकांच्या स्मरणार्थ दगडी चोर्तेन (छोटे स्तूप) उभारलेत. जाताना फोटो काढले होते. उतरताना अंधारात दिसले नाहीत, ते बरंच झालं.

डॉक्टरीणबाई

थंडोबांच्या गाईडला माझा नमस्कार कळवा. ही मेंदूला सूज येण्याची सुरुवात होती, आणि यावर पहिला उपाय खाली उतरणं हाच. सकाळपर्यंत थांबणं नव्हे.

एकटा_जीव, तुमचं म्हणणं मी दवाखान्यात नेहमी ऐकते, म्हणून जरा सविस्तर. वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजन 'कमी' होतो असं आपण म्हणतो, पण प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पला तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच माल हाती लागतो. शरीर जोरजोरात श्वास घेऊन भरपाई करतं. पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मग मेंदू म्हणतो, पुरे आता, हळू घे. ही रस्सीखेच मूत्रपिंडं सोडवतात, बायकार्बोनेट बाहेर टाकून. त्याला दिवस लागतात. तुम्ही आठवड्याला किती किलोमीटर पळता हे मूत्रपिंडाला ठाऊक नसतं.

म्हणून तंदुरुस्तीचा आणि उंची सोसण्याचा फार संबंध नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि लवकर अडकतो. कोणाला त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. मागच्या वेळी झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता मोठी, एवढंच खात्रीचं.

डायमॉक्स (ॲसिटाझोलामाइड) हेच मूत्रपिंडाचं काम लवकर सुरू करून देतं. प्रतिबंधासाठी मोठ्यांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असा प्रघात आहे. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा घातलेली पेयं विचित्र लागतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. ही गोळी लक्षणं झाकत नाही, पण दिवस वाचवायचा परवानाही देत नाही.

बाबांबद्दल: नियंत्रणात असलेलं बीपी म्हणजे बंदी नव्हे. पण त्यांची गोळी नेमकी कोणती, ती डायमॉक्सबरोबर चालते का, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. ईसीजी, गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्या. वय हा मुद्दा नाही. वयस्कर लोक हळू चालतात म्हणून पुष्कळदा त्यांना कमी त्रास होतो!

तीन गोष्टी तिघांनीही पाठ करा. डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, भूक मरणं, चक्कर यातलं काहीही असेल तर आणखी वर झोपायचं नाही. बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर म्हणजे फुप्फुसात पाणी. तोल जाणं, बडबडणं किंवा थंडोबांची नाडी म्हणजे मेंदू. शेवटच्या दोन्हींत रात्र असो वा पाऊस, खाली. सोबतीला माणूस हवाच, एकट्याला पाठवायचं नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य.

उनाड_चप्पल

बापरे. थंडोबा दादा, नाडीचा परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. तिने काही न बोलता माझी एक्सेलशीट बंद केली.

डॉक्टरीणबाई, खूप आभार. चो ला रद्द. पण एक कळलं नाही, नामचेला एक अख्खा दिवस बसून करायचं काय?

रानपाखरू

बसायचं नसतंच! 'विश्रांती' हा शब्दच फसवा आहे. दिवसा वर चढून यायचं आणि रात्री खाली झोपायचं.

नामचेहून सकाळी स्यांगबोचेच्या धावपट्टीवरून ३८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलला जा. गच्चीत एक चहा घ्या (महाग आहे, घ्याच). समोर ल्होत्से, नुप्त्सेच्या भिंतीमागून डोकावणारा एव्हरेस्ट, आणि उजवीकडे आमा दब्लम. उंची ६८१२ म्हणजे इथल्या मानाने बुटका, पण देखणेपणात सगळ्यांना भारी. तिथून पलीकडे खुमजुंगला उतरा. हिरवी छपरं, दगडी कुंपणांत बटाट्याची शेतं. एडमंड हिलरींनी १९६१ मध्ये सुरू केलेली शाळा तिथे आहे, आणि गोम्पात (बौद्ध मठात) यतीचं, म्हणजे हिममानवाचं म्हणून एक टाळकं पेटीत ठेवलंय. दुपारी नामचेला परत. दिंगबोचेला अशीच मागच्या नांगकरत्शांगच्या धारेवरून फेरी.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. खुंबूचा हिमप्रपात दिसतो, तंबू दिसतात (तेही वसंतात, ऑक्टोबरात बहुधा नुसते दगड), शिखर आड जातं. ते बघायला काला पत्थर चढावा लागतो. माझ्यासमोर एक काकू बेस कॅम्पच्या दगडापाशी 'यातलं एव्हरेस्ट कुठलं?' विचारत होत्या आणि त्यांच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रात्रीबद्दल एक सावधगिरीची सूचना, नवराबायकोंसाठी खास. वर झोपेत श्वास मधेच थांबतो, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग एकदम मोठा श्वास. माझ्या नवऱ्याला पहिल्या रात्री मी चार वेळा हलवून उठवलं. शेवटी तो म्हणाला, मी मेलो तर सकाळी कळेलच, आता झोपू दे. उंचीवर हे नेहमीचं आहे.

मुक्काम_पोस्ट

छान चाललाय धागा. कोरडी माहिती मी टाकतो.

उद्यानाचं प्रवेशद्वार मोंजोला. सार्क देशांच्या नागरिकांना शुल्क १५०० नेपाळी रुपये अधिक १३ टक्के व्हॅट. शिवाय खुंबू पासांग ल्हामू गावपालिकेचा वेगळा परवाना, तो लुक्लातच मिळतो. २०२३ मध्ये नेपाळने परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केला, तेव्हा या पालिकेने आपल्या हद्दीत ते लागू करायला नकार दिला. पण बाबा सोबत असताना गाईड घ्याच, नियम असो वा नसो.

ओळखपत्र: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. आधारच्या भरवशावर विमानतळावर जाऊ नका.

विमान: ऑक्टोबरच्या गर्दीत लुक्लाची बहुतेक विमानं काठमांडूहून नाही, रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. काठमांडूहून तिथवर चार-पाच तासांचा घाटरस्ता, त्यामुळे मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढाची, एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत. दुपारी वारा आणि ढग येतात, म्हणून उड्डाणं सकाळीच. ढग बसले की बसले. दोन दिवस राखीव ठेवा, आणि ते परतीच्या बाजूला ठेवा, म्हणजे वर कोणी घाई करणार नाही.

सामान विमानात हातातल्यासकट १५ किलो. पोर्टरला दोघांचं मिळून २० किलोच्या आत द्या आणि त्याच्याकडे धड जॅकेट-बूट आहेत का हे पहिल्याच दिवशी बघा. विमा ६००० मीटरपर्यंतच्या ट्रेकचा आणि हेलिकॉप्टरने सोडवणुकीचा हवा. पुष्कळ पॉलिसींत बारीक अक्षरांत उंचीची मर्यादा असते, ते पान आधी वाचा.

हिशेबनीस

मुक्काम_पोस्ट यांना अनुमोदन. १५०० वर व्हॅट म्हणजे १६९५ नेपाळी, आपले साधारण १०६०. दर १.६ ला बांधलेला आहे, कोणी दीड सांगितला तर हसून पुढे जा. रोख काठमांडूतच काढा, नामचेनंतर एटीएमची आशा सोडा. गरम पाणी, चार्जिंग, वायफाय सगळ्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक मुक्कामाला चढते. रागावू नका, ते सगळं कोणाच्या तरी पाठीवरून आलेलं असतं.

रानपाखरू

जेवायला दालभात. पुन्हा वाढतात. मांस शक्यतो नको: धर्मामुळे वर प्राणी मारत नाहीत, खालून दिवसेंदिवस चालत आलेलं असतं. झुलत्या पुलावर समोरून याक किंवा झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) दिसले की थांबा, त्यांना आधी जाऊ द्या. आणि वाटेवर नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं. दरीच्या बाजूला उभं राहून फोटो काढत असाल तर त्यांच्या पाठीवरचा सिलिंडर तुम्हाला न विचारता ढकलतो.

पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. आतलं पाणी गोठलं की तो कायमचा गेला, आणि बाहेरून कळत नाही. फोन, बॅटऱ्याही आतच.

एकटा_जीव

वाचतोय सगळं. गोळी घेऊन पुढे गेलो होतो ती लोबुचेलाच, हे आज लिहिताना लक्षात आलं. असो. नामचेला दोन रात्री काढा.

निवृत्त_मास्तर

सर्वांना नमस्कार. मी या उनाड_चप्पलचा बाप. सूनबाईंनी धाग्याचा दुवा पाठवला, म्हणून आयडी काढला.

माझ्या बीपीवर चारचौघांत चर्चा झालेली पाहून मौज वाटली. कोणी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की मला बेस कॅम्पला जायचंच नाही. एकोणचाळीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर ८८४८ लिहिलं, २०२० मध्ये ते ८८४८.८६ झालं तोवर मी निवृत्त. ज्याची उंची इतकी वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली तो डोंगर एकदा डोळ्यांनी बघायचा आहे. रानपाखरू ताईंनी लिहिलं आहे की तो ३८८० मीटरवरून चहा पिताना दिसतो आणि बेस कॅम्पवरून दिसत नाही. मग माझा प्रश्न सुटला.

मला त्या खुमजुंगच्या शाळेत दोन दिवस सोडा. मुलं येताजाताना बघेन. पोरांनी वर जाऊन यावं.

डॉक्टरीणबाई, गोळी ॲम्लोडिपिन ५ आहे. आमच्या डॉक्टरांना गुरुवारी दाखवतो आहे.

उनाड_चप्पल

बाबांनी आयडी काढलाय हे मला आत्ता, तुमच्याबरोबरच कळतंय. ते शेजारच्या खोलीत बसलेत.

ऑफिसात बोललो. दिवाळीची रजा जोडून सतरा दिवस मिळतात. नवा आराखडा: लुक्ला, फाकदिंग, नामचेला दोन रात्री, मग तिघांनी तेंगबोचेपर्यंत. तिथली सायंप्रार्थना ऐकून बाबा दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाईडबरोबर खुमजुंगला, आम्ही दुसऱ्या गाईडबरोबर वर. दिंगबोचेला दोन रात्री, लोबुचे, गोरक्षेप, काला पत्थर, आणि उतरताना नामचेला भेट. परतीला दोन दिवस मोकळे. कोणाचंही डोकं दुखलं तर आहे तिथेच थांबायचं, हे बायकोने शीटच्या पहिल्या ओळीत लाल रंगात लिहिलंय.

डॉक्टरीणबाई

आता बरं दिसतंय. तेंगबोचेहून खुमजुंग खालीच आहे, त्यामुळे बाबांचं उत्तम. त्यांच्या गाईडकडे त्यांच्या औषधांची आणि तुमच्या विम्याची एक प्रत द्या. मास्तर, गोळी पुरेशी जास्त न्या, आणि निम्मी हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या सामानातली पिशवी तुमच्या आधी किंवा नंतर पोचू शकते.

थंडोबा

मास्तरांना एक विनंती. तुमच्या मुलाने फेरिचेच्या त्या दवाखान्यात दुपारचं उंचीच्या आजारावरचं बोलणं ऐकावं, हंगामात असतं, फुकट असतं. उतरताना ऐकून उपयोग नाही, चढतानाच वाट वाकडी करून जावं. दिंगबोचेहून टेकडी ओलांडली की फेरिचे, मोकळ्या दिवशी सहज होतं.

मुक्काम_पोस्ट

आणि मंथलीच्या गाडीत पुढची सीट मास्तरांना. वळणं फार आहेत, रात्रीचं काही दिसत नाही, मागे बसलेल्यांचं पोट ढवळतं. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी. मफलर हाताशी ठेवा, विमानतळावर पहाटे उघड्यावर थांबावं लागतं.